झोपेत किती वीज खातो?

मायक्रोकंट्रोलर बोर्डची कामगिरी मोजायची म्हटली की आपल्याकडे (आणि तिकडेही) सगळे आधी वेग मोजतात. किती मेगाहर्ट्झ, कोअरमार्कला किती गुण, मागच्या वर्षीच्या बोर्डापेक्षा किती पट. माझं मत थोडं वेगळं आहे, आणि ते वेगळं का आहे हे सांगायला खडकवासल्यापासून सुरुवात करावी लागेल.

बाहेरगावच्या नातेवाइकांसाठी: पुण्याच्या वरच्या अंगाला चार धरणं आहेत. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि सगळ्यांच्या खाली खडकवासला. चारांची मिळून साठवण २९.१५ टीएमसी, त्यात खडकवासल्याचा वाटा जेमतेम १.९७. म्हणजे वरून पाणी आलं की या बुटक्या भांड्यात मावत नाही, मुठेत सोडावंच लागतं. २५ जुलै २०२४ च्या पहाटे विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या पुढे गेला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी घुसलं. लष्कराला बोलवावं लागलं. गणित करून बघा, ३५ हजार क्युसेकने सोडलं तर भरलेलं खडकवासला साधारण साडेपंधरा तासांत रिकामं होईल, वरून थेंबही आला नाही तर! त्या पहाटेनंतर "आम्हाला वेळेवर कळलं नाही" ही तक्रार किती जणांच्या तोंडून ऐकली, मोजदाद नाही.

तेव्हापासून पाणीपातळी मोजून मोबाइलवर संदेश देणारं यंत्र हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा लाडका प्रोजेक्ट झाला आहे. आमचा भाचाही त्यातलाच. तपकीर गल्लीतून ईएसपी-३२ चा बोर्ड आणला, वर अल्ट्रासॉनिक सेन्सर लावला, आणि आल्या आल्या मला म्हणाला, "मामा, २४० मेगाहर्ट्झ आहे, ड्युअल कोअर!"

आता गंमत बघा. सेन्सर आवाजाची लहर खाली पाठवतो आणि प्रतिध्वनीची वाट बघतो. पाणी तीन मीटर खाली असेल तर जाऊन-येऊन सहा मीटर, म्हणजे सुमारे १८ मिलिसेकंद. प्रोसेसर २४० वर पळो नाहीतर ८० वर, आवाज काही लवकर येत नाही. वेग निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाहीये हं. खरोखर आकडेमोड असेल तर वेगात काम उरकून लवकर झोपणं बहुधा स्वस्त पडतं. ईएसपी-३२ च्या डेटाशीटमध्ये वायफाय बंद असताना ८० ला २० ते ३१ मिलिअँपिअर आणि २४० ला ३० ते ६८ दिले आहेत. वेग तिप्पट, खर्च ढोबळमानाने दुप्पट. पण नुसतं वाट बघायचं काम असेल तर हाच वेग म्हणजे सिग्नलला उभं राहून अॅक्सिलरेटर पिळणं.

खरा प्रश्न निराळाच आहे. हे यंत्र पंधरा मिनिटांतून एकदा पाच सेकंद जागं होणार. म्हणजे तासाला वीस सेकंद. उरलेले ३५८० सेकंद ते झोपलेलं असणार. मग मोजायची कोणाची, जागेपणीची की झोपेतली?

डेटाशीट म्हणते, गाढ झोपेत १० मायक्रोअँपिअर. खरं आहे, पण ते चिपचं. आपण विकत आणतो तो बोर्ड. त्यावर रात्रंदिवस जळणारा लाल एलईडी असतो, यूएसबीची वेगळी चिप असते, आणि एक रेग्युलेटर, जो स्वतःच काही मिलिअँपिअर गिळतो. घरधनी झोपला तरी पाहुणे जेवतायत, असा प्रकार.

साध्या मल्टिमीटरने हे मोजणं अवघड जातं. मायक्रोअँपिअरच्या रेंजमध्ये मीटरच्या आतला रोधक मोठा असतो, त्यामुळे बोर्ड जागा होऊन शंभरेक मिलिअँपिअर मागायला लागला की मीटरच त्याचा गळा धरतो आणि बोर्ड रीसेट होतो. यासाठी खास उपकरणं मिळतात, पण विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारी युक्ती म्हणजे १ फॅरडचा सुपरकपॅसिटर. पाच व्होल्टला तासभर भरत ठेवायचा, बोर्डला गाढ झोपेचा प्रोग्रॅम घालायचा, कपॅसिटर बोर्डच्या पाच व्होल्टच्या पिनेला जोडायचा आणि घड्याळ लावायचं. १० मायक्रोअँपिअर जात असतील तर ०.१ व्होल्ट उतरायला दहा हजार सेकंद, म्हणजे पावणेतीन तास लागायला हवेत. (कपॅसिटर स्वतःही थोडा गळतो, ते आधी बोर्ड न जोडता पाहून वजा करायचं.)

आम्ही चहा टाकून बसलो होतो. दहा सेकंदांत ४.९ व्होल्ट!

म्हणजे १० मिलिअँपिअर. कागदावरच्या आकड्याच्या हजारपट. २००० मिलिअँपिअर-तासांचे चार रिचार्जेबल पेन्सिल सेल घेतले, तर जागेपणीचे १०० मिलिअँपिअर धरूनही सरासरी ०.५६ येते, आणि यंत्र कागदावर पाच महिन्यांच्या आसपास चालायला हवं. पाहुण्यांसकट ते आठ दिवसही टिकत नाही.

"सोलर पॅनेल लावू की," हे उत्तर लगेच येतं. जुलैत? ज्या आठवड्यात पुण्याला सूर्य दिसत नाही, नेमकी तेव्हाच या यंत्राची गरज. उन्हाळ्यात प्रात्यक्षिक झकास होणार, मार्क मिळणार, आणि ज्या पहाटे बोलायचं त्या पहाटे यंत्र मेलेलं असणार. न बोलणारं यंत्र नसलेल्या यंत्रापेक्षा वाईट, कारण त्याच्या भरवशावर कोणीतरी गाडी तळमजल्यावर ठेवून झोपलेलं असतं.

हे पुण्यातल्या मुलांना जमत नाही असं मुळीच नाही. सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला 'स्वयम्' हा सुमारे एक किलोचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ बरोबर वर गेला. त्याची दिशा स्थिर ठेवायला कायमचुंबक वापरला होता, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी आपोआप जुळणारा. त्या कामाला वीज शून्य. मला हे कुठल्याही मेगाहर्ट्झपेक्षा जास्त भारी वाटतं. वीज वाचवायला त्यांनी ते कामच विजेवर ठेवलं नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रोजेक्टच्या अहवालात वेगाचा तक्ता असेल तर असू दे, पण त्याच्या वर पूर्ण बोर्डचा झोपेतला करंट लिहायला लावा, तोही मोजलेला, डेटाशीटमधून उतरवलेला नको. आणि एका चार्जवर पावसाळ्यात सलग किती दिवस चाललं तेही. परीक्षकांनी हा एक प्रश्न विचारायला सुरुवात केली तरी अर्धे प्रोजेक्ट सुधारतील. (परीक्षक मंडळी ब्लॉग वाचतात का, हा वेगळा विषय. असो.)

भाच्याने एलईडी उखडला, आणि आता बोर्डाऐवजी नुसतं मॉड्यूल घेऊन, स्वतः काही मायक्रोअँपिअरवर भागवणारा रेग्युलेटर लावतो आहे. पुढचं भांडण संदेश पाठवण्यावरून आहे. नदीकाठी वायफाय कुठलं? टूजी मोडेम घेतला तर तो पाठवताना दोन अँपिअरपर्यंत झटके मारतो, पेन्सिल सेल तेवढं देताना दमतात. मी लोराच्या बाजूने आहे. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झला परवाना लागत नाही आणि मागणीही माफक. पण मग संदेश घ्यायला काठावरच्या एखाद्या सोसायटीच्या गच्चीवर दुसरं यंत्र हवं, आणि त्यासाठी सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी. त्याला किती वेळ लागतो हे मोजायला मात्र अजून उपकरण निघालेलं नाही.