मूल आजारी आहे की नुसते वाढते आहे?

घुग्घुससारख्या गावात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरकडे जी लहान मुले आणली जातात, त्यांतली बरीचशी आजारी नसतात. "लेकरू काही खातच नाही जी", "शेजारचं पोट्टं चालाले लागलं, आमचं अजून बसूनच", "वर्षाचं होत आलं तरी दात नाही", "खोकला जातच नाही, एखादी चांगली बाटली लिहून द्या डॉक्टरसाहेब", अशा तक्रारी असतात. मूल मात्र हसत असते आणि माझा स्टेथोस्कोप ओढत असते.

ही काळजी हसण्यावारी नेऊ नये असे मला वाटते. आपले गाव खाणींचे आणि कारखान्यांचे. कोणी तेलंगणातून, कोणी बिहार-उत्तर प्रदेशातून, कोणी छत्तीसगडातून, तर कोणी याच जिल्ह्यातल्या खेड्यातून रोजीसाठी इथे आलेले. नवरा पाळीवर गेला की क्वार्टरमध्ये आई आणि बाळ दोघेच. आजी राहिली गावाकडे. विचारायचे कोणाला? मग शेजारीण सांगते ते, मोबाइलवर दिसते ते आणि मेडिकल स्टोअरवाला देतो ते, या तिन्हींच्या मेळातून उपचार ठरतो.

माझे म्हणणे एवढेच आहे की, जिथे औषधाची गरज नाही तिथे औषध न देणे हाही उपचारच आहे आणि पालकांनी तो आनंदाने स्वीकारावा. त्यात वाचलेला पैसा आणि धावपळ, जिथे एक दिवसाचा उशीरही महाग पडतो अशा वेळेसाठी राखून ठेवावी. पण त्यासाठी नेहमीचे काय आणि धोक्याचे काय, हे घरच्यांना ठाऊक असले पाहिजे.

वजन आणि खाणे

जन्मल्यानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे घटते. ते घाबरण्याचे कारण नाही. दोन आठवड्यांत ते भरून निघते. तीन किलोचे बाळ साधारण पाचव्या महिन्यात सहा किलोचे आणि वर्षाचे झाल्यावर नऊ किलोचे होते. यानंतर मात्र वाढीचा वेग उतरतो. पुढे वर्षाला जेमतेम दोन-अडीच किलो वजन वाढते. वेग उतरला की भूकही उतरते. म्हणूनच "आधी चांगलं खात होतं, आता तोंड फिरवते" ही तक्रार नेमकी वर्ष-दीड वर्षाच्या मुलांबद्दल असते. तिच्यावर भूक वाढवणारे टॉनिक हा इलाज नाही. दिवसभर हातात बिस्किटाचा पुडा, कुरकुऱ्यांचे पाकीट आणि कपभर गोड चहा असेल तर जेवणाच्या वेळी भूक लागणार कुठून? तो खर्च अंडी, शेंगदाणे, केळी आणि वरणावर करावा.

शेजारच्या मुलाशी तुलना करू नये. तुलना करायची ती आपल्याच मुलाच्या गेल्या महिन्याच्या वजनाशी. अंगणवाडीत वाढीचा तक्ता असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली भारतासह सहा देशांतल्या मुलांची वजने-उंच्या मोजून जी मानके ठरवली, त्यांवर तो आधारलेला आहे. मूल बारीक असले तरी त्याची रेषा वर चढत असेल तर निश्चिंत राहावे. रेषा दोन-तीन महिने आडवी राहिली किंवा खाली वळली, तर मूल गुबगुबीत दिसत असले तरी दाखवावे.

एक खास चंद्रपुरी शंका म्हणजे, "एवढ्या उन्हाळ्यात बाळाला पाणी नको पाजायचे?" सहा महिन्यांपर्यंत नको. आईच्या दुधात शंभर भागांत अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असते. बाळाला वारंवार अंगावर घ्यावे आणि पाणी आईने भरपूर प्यावे. बाळ दिवसातून सहा-सात वेळा लघवी करत असेल तर दूध पुरते आहे असे समजावे.

शी आणि दात

अंगावर पिणारे बाळ दिवसातून आठ वेळा पातळ, पिवळी शी करील, नाहीतर चार-पाच दिवस करणारच नाही. बाळ पीत असेल, पोट मऊ असेल आणि वजन वाढत असेल तर दोन्ही ठीक. गुटी, एरंडेल किंवा साबणाची कांडी यांची गरज नाही.

पहिला दात साधारण सहाव्या ते दहाव्या महिन्यात येतो. काहींना वर्षही लागते. दीड वर्षापर्यंत एकही दात आला नाही तर दाखवावे. दात येताना हिरड्या शिवशिवतात, लाळ गळते, मूल किरकिर करते. पण जुलाब दातांमुळे होत नाहीत. या वयात मूल रांगते, सापडेल ते तोंडात घालते आणि त्यातून पोट बिघडते. "दात येताहेत, होणारच" म्हणून जुलाब अंगावर काढणे धोक्याचे आहे.

जुलाबाचा इलाज मात्र अगदी स्वस्त आहे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ आली आणि सलाइनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात मीठ-साखरेचे पाणी कालवून घरच्यांकरवी रोग्यांना पाजले. तिथे मृत्यूचे प्रमाण शेकडा चारच्याही खाली राहिले. आज तीच पुडी ओआरएस या नावाने आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे फुकट मिळते. पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात ती सगळी एकदम कालवावी. सोबत झिंकची गोळी चौदा दिवस द्यावी आणि अंगावरचे दूध चालू ठेवावे. बहुतेक मुलांना एवढे पुरते.

चालणे आणि बोलणे

जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या मुलांची पाहणी केली, त्यातही भारत होता. त्यात निरोगी मुले आधाराशिवाय चालू लागण्याचे वय आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत आढळले. म्हणजे दोन निरोगी मुलांत नऊ महिन्यांचे अंतर असू शकते! काही मुले तर रांगतच नाहीत, बसल्या जागेवरून थेट उभी राहतात. आपल्याकडचा लाकडी पांगुळगाडा मूल स्वतः उभे राहून ढकलते. त्याला लक्ष ठेवून हरकत नाही. बाजारात मिळणारा, मुलाला आत बसवायचा गोल वॉकर मात्र घेऊ नका. त्याने मूल लवकर चालत नाही, उलट पायरीवरून किंवा चुलीवर पडते. कॅनडाने त्याच्या विक्रीवर २००४ साली बंदीच घातली. दुसऱ्या वर्षापर्यंत पाय धनुष्यासारखे बाकदार दिसणे, तीन-चार वर्षांच्या वयात गुडघे एकमेकांना लागणे, हे बहुतेक मुलांत आपोआप सरळ होते. एकच पाय वाकडा असेल तर मात्र दाखवावे.

बोलण्याबाबत आपल्या गावातली नेहमीची शंका अशी, की घरात तेलुगू, गल्लीत हिंदी आणि अंगणवाडीत मराठी. या गोंधळाने मूल बोलायचे राहिले का? नाही. दोन-तीन भाषा ऐकणारे मूल सुरुवातीला शब्द मिसळते, पण त्यामुळे मुके राहत नाही. सव्वा-दीड वर्षाला काही अर्थपूर्ण शब्द आणि दोन वर्षांला "आई पाणी" अशी दोन शब्दांची जोडणी यायला हवी. ती आली नाही तर "याचा बापही उशिरा बोलला होता" म्हणून थांबू नये. आधी कानांची तपासणी करून घ्यावी. ज्याला ऐकू येत नाही ते बोलणार कसे? हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, नजरेला नजर देत नसेल, किंवा येत असलेले शब्द बोलायचे बंद झाले असेल, तर महिनाभरही वाट पाहू नये. आणि मूल गप्प बसावे म्हणून त्याच्या हातात मोबाइल देऊ नये. बोलणे माणसांकडून शिकले जाते.

रात्री अंथरूण ओले करणे पाच वर्षांपर्यंत नेहमीचेच आहे. त्यासाठी मुलाला मारणे किंवा चारचौघांत लाजवणे हा निव्वळ अन्याय आहे.

खोकला आणि बाटली

लहान मुलाला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होणे नेहमीचे आहे आणि प्रत्येक सर्दीचा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. आपल्या हवेतली धूळ त्यात भर घालते. मूल खेळत असेल, जेवत असेल, श्वास शांत असेल तर बाटलीची गरज नसते. कोमट पाणी, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब आणि वर्षापुढच्या मुलाला चमचाभर मध पुरे. वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये. रात्री छातीत शिट्टी वाजत असेल आणि असे वारंवार होत असेल तर ते दम्याचे लक्षण असू शकते. त्याला खोकल्याचे औषध नव्हे, तर नीट तपासून दिलेला पंप लागतो.

"बाटलीने फायदा नाही झाला तरी नुकसान काय?" असे विचारणाऱ्यांनी छिंदवाडा आठवावा. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात त्या जिल्ह्यातल्या परासिया भागात, म्हणजे आपल्यासारख्याच वेकोलिच्या खाणींच्या मुलखात, साध्या सर्दी-खोकल्यासाठी औषध घेतलेल्या मुलांची लघवी बंद झाली, मूत्रपिंडे निकामी झाली. वीसहून अधिक मुले दगावली. त्यांतल्या अनेकांना नागपूरच्या रुग्णालयांत आणले होते. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावले की, दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांपर्यंतही ती सहसा टाळावीत. आईबापांचा यात काय दोष? त्यांनी काळजीपोटीच औषध पाजले. पण त्यांतल्या बहुतेक मुलांचा मूळ आजार बाटलीविना बरा होण्यासारखा होता, हे विसरता येत नाही.

केव्हा थांबायचे नाही

आता खऱ्या धोक्याबद्दल. तो बहुधा आरडाओरडा करत येत नाही. जोरात रडणाऱ्या मुलापेक्षा निपचित पडलेल्या मुलाची मला जास्त भीती वाटते.

आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने निमोनियावर काम केले. लोक त्या आजाराला 'डब्बा' म्हणतात. खेड्यातल्या आरोग्यसेवकांना आणि दायांना निमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवले गेले. डॉ. बंग यांनी अक्षरओळख नसलेल्या दायांसाठी श्वास मोजण्याचे मण्यांचे साधनही तयार केले. या कामाचा निष्कर्ष १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात आला. तिथे उपचार मिळालेल्या ६१२ आजारांत मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी होते. जिथे ही सोय नव्हती तिथे ते शेकडा तेराहून जास्त होते. दायांना जे जमले ते घरातल्या आईला, बापाला का जमू नये?

मूल शांत असताना छाती-पोट उघडे करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावा. दोन महिन्यांखालच्या बाळात साठ किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षात पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत चाळीस किंवा जास्त भरला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल तर थेट रुग्णालय. पोटावर चटके देऊन घेण्यात वेळ आणि लेकरू दोन्ही जातात.

याशिवाय पुढील लक्षणांत थांबू नये: बाळ दूध ओढेनासे होणे, सारखी उलटी, डोळे खोल जाणे, सहा-आठ तास लघवी न होणे, दोन महिन्यांखालच्या बाळाला कोणताही ताप किंवा अंग गार पडणे. आपल्या पट्ट्यात तापाला मलेरियाची रक्ततपासणी हवीच. तापात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाला झटका आला तर त्याला कुशीवर वळवावे. तोंडात चमचा, पाणी, काही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये. बहुतेक झटके पाच मिनिटांत थांबतात आणि त्याने मूल मतिमंद होत नाही. पण पहिल्या झटक्यानंतर तपासणी करून घ्यावीच. झटका पाच मिनिटांहून लांबला तर १०८ ला फोन करावा.

आणि चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेल विसरून चालणार नाही. तान्ह्याचे हातपाय सुजणे, डोळे पिवळे पडणे, पांढरेफटक दिसणे, वारंवार सांधे दुखणे, याला "वाढीचे दुखणे" म्हणू नये. सरकारी आरोग्य केंद्रात त्याची तपासणी होते. जुलै २०२३ पासून तर त्यासाठी राष्ट्रीय मोहीमच सुरू आहे.

डॉक्टरने मूल नीट तपासून "काही नाही, घरी न्या" असे सांगितले तर फी वाया गेली असे समजू नका. पुन्हा केव्हा आणायचे एवढे मात्र विचारून घ्या. बाकी श्वास मोजायला पैसा लागत नाही. आज रात्री मूल झोपले की घड्याळ घेऊन एकदा मोजून पाहा. बरे असतानाचा श्वास ओळखीचा असला की बिघडलेला श्वास लगेच कळतो.