हिंडता-फिरता न्यूमोनिया

न्यूमोनिया झालेलें मूल अंथरुणास खिळलेलें असावयाचें, अशी आपल्या घरांतून समजूत आहे. ती पुष्कळ अंशीं खरी असली तरी पांच ते पंधरा वर्षांच्या मुलांत या दुखण्याची एक निराळी तऱ्हा आढळते, व ती या समजुतीमुळेंच घरांत ओळखली जात नाहीं. ताप बेताचाच असतो; डोकें दुखतें, घसा खवखवतो, आणि कोरडा खोकला दिवसेंदिवस वाढत जातो. तरीहि मूल डबा घेऊन शाळेस जातें, सायंकाळीं शिकवणीस जातें. ठाणें, कल्याण, डोंबिवली येथें अशा खोकल्यास कारण शोधावें लागतच नाहीं. रस्ते खणलेले, बांधकामांची धूळ, आणि डोंबिवलीकरांस औद्योगिक वसाहतीची हवा आहेच. हवेस दोष देणें चूक नव्हे. पण धुळीनें ताप येत नाहीं, एवढें ध्यानांत असावें.

नेहमींच्या लक्षणांस सोडून असणाऱ्या या न्यूमोनियाचें कारण ईटन या अमेरिकन संशोधकास १९४४ च्या सुमारास सांपडलें. तें सूक्ष्म गाळणींतून पार जाई, म्हणून पुष्कळ वर्षें विषाणु समजलें गेलें. १९६२ त चॅनॉक व त्यांचे सहकारी यांनीं तें कृत्रिम अन्नावर वाढविलें, तेव्हां तो एक अतिसूक्ष्म जंतु ठरला. त्याचें नांव मायकोप्लाझ्मा. या ग्रीक नांवाच्या पूर्वपदाचा अर्थ बुरशी, आणि बुरशीशीं त्याचा संबंध कांहींच नाहीं. आम्हां व्युत्पत्तिप्रिय लोकांनीं हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

खरी मेख निराळीच आहे. बहुतेक जंतूंच्या देहाभोंवतीं एक कवच असतें. पेनिसिलिन व त्याच्या कुळांतील अमॉक्सिसिलिन हीं औषधें तें कवच बांधूं देत नाहींत, व जंतु मरतो. १९५४ त पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला. या औषधावर आपल्या लोकांची जी श्रद्धा आहे ती योग्यच आहे. परंतु मायकोप्लाझ्मास कवचच नाहीं, तेथें औषधानें आघात करावा कशावर? मात्रा वाढविली, महाग बाटली आणली, तरी व्यर्थ. म्हणून अमॉक्सिसिलिन चालू असतां दोन-तीन दिवसांत ताप हटत नसेल तर मुलास पुन्हा डॉक्टरांकडे न्यावें. अझिथ्रोमायसिनसारखीं औषधें या जंतूवर चालतात. पण शेजारच्या मुलास गुण आला म्हणून दुकानांतून तें परस्पर आणणें हा प्रकार आम्हांस सर्वांत घातक वाटतो. बहुतेक खोकले विषाणूंचे असतात, त्यांस तें लागू नाहीं. शिवाय चीन-जपानांत या औषधास न जुमानणारा मायकोप्लाझ्मा पूर्वींच फैलावला आहे. २०२३ च्या अखेरीस उत्तर चीनांतील मुलांत जी सांथ झाली तींत हा जंतु होताच.

निदान सोपें नाहीं. नळी लावून छातींत फारसें कांहीं ऐकूं येत नाहीं, आणि क्ष-किरणांच्या चित्रांत मात्र डाग दिसतात. रक्ताची तपासणी पहिल्या आठवड्यांत फसवूं शकते. तेव्हां डॉक्टरांनीं कागदापेक्षां मुलाचें वय व दुखण्याचा क्रम यांवर भर दिला तर वडील मंडळींनीं कुरकूर करूं नये.

मात्र खोकला वा ताप दोन आठवड्यांवर गेला, वजन उतरूं लागलें, तर क्षयाची तपासणी झालीच पाहिजे. आपल्या घरांत क्षयाचें नांव काढणें अमंगळ वाटतें, आणि तेवढ्यासाठीं महिने फुकट जातात. शासकीय व पालिकेच्या रुग्णालयांत ही तपासणी विनामूल्य होते.

धाप लागणें, श्वासाबरोबर बरगड्यांखालीं खड्डा पडणें, ओठ निळसर होणें, मूल गुंगींत असणें किंवा पाणीहि न पिणें, तोंडांत व डोळ्यांत फोड येणें, यांपैकीं कांहींहि दिसल्यास रात्र उजाडण्याची वाट पाहूं नये. तडक रुग्णालय गांठावें. अडुळसा, ज्येष्ठमध यांनीं घसा निवतो, त्यांस आमची हरकत नाहीं. एक वर्षाखालील बाळास मात्र मध चाटवूं नये.

एकत्र कुटुंबांत आणखी एक गोष्ट करावी. हा जंतु देहांत शिरल्यापासून खोकला सुरू होईपर्यंत बहुधा दोन-तीन आठवडे लागतात. पहिल्या मुलाचा खोकला जेथें सुरू झाला ती तारीख दिनदर्शिकेवर मांडून ठेवावी. पुढें चुलत भावंड खोकूं लागलें तर ती तारीख डॉक्टरांस सांगावी. त्यांचें अर्धें काम तेथेंच होतें.