आदत गोऱ्ह्याचा भाव

27 डिसेंबर 2024, शुक्रवार. छत्रपती संभाजीनगरात, गारखेड्यातल्या मामांच्या गच्चीवर सकाळी सातला गोधडी पांघरून मी फोनवर शिकागो बेअर्सचा सामना बघत होतो. अमेरिकेत अजून गुरुवारची रात्र सरायची होती. मामा चहा घेऊन वर आले आणि शेजारी टेकले. तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवलेला माणूस, पण अमेरिकन फुटबॉल त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. नियम समजून घ्यायची त्यांना गरजही वाटली नाही.

"ह्यो मधला पोरगा कोण?"

केलेब विल्यम्स, मी सांगितलं. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, सगळ्यांत आधी उचललेला खेळाडू. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू ज्याच्या हातून सुटतो तो. पहिलंच वर्ष. मी बोलत होतो तेवढ्यात तो आडवा झाला. उठला, पुन्हा आडवा झाला. त्या रात्री तो चेंडू हातात असतानाच सात वेळा लोळवला गेला. शिकागो 6–3 असं हरलं, आणि ती त्यांची सलग दहावी हार होती. आमच्या व्हॉट्सॲप गटावर निकाल केव्हाच लागला होता: पोरगा 'बस्ट'. मराठीत सांगायचं तर, बार फुसका निघाला.

"मामा, चालेल का हो हा?"

मामांनी चहा बशीत ओतला. "पोरगं पळायलंय का पळवायलेत त्याला? त्याच्या समोर पाच जाडे उभे हायेत, त्यांना एकाला तरी अडवता यायलंय का? आधी ते बघ. पोराचं नंतर."

हे वाक्य मी सोबत घेऊन अमेरिकेत परतलो. ते आज मांडतो आहे, कारण यंदाच्या सभेत इथल्या आपल्या मंडळापुढे एक प्रस्ताव आला आहे: संभाजीनगरच्या आसपासचा चौदा-पंधरा वर्षांचा एक होतकरू क्रिकेटपटू निवडायचा आणि पाच वर्षं त्याचा सगळा खर्च उचलायचा. हेतू सोन्यासारखा आहे, तरी मी विरोधात हात वर केला. खर्चाला माझी हरकत नाही. 'एक' या शब्दाला आहे आणि 'निवडायचा' या शब्दाला आहे. सभेत दोन मिनिटं मिळाली होती, म्हणून उरलेलं इथे लिहितो.

आपल्यातल्या ज्यांनी बैलबाजार पाहिलाय त्यांना 'आदत' हा शब्द ठाऊक असेल. कायमचे दात अजून न आलेला गोऱ्हा तो आदत. मग दोन दाती, चार दाती, आणि शेवटी जुळलेला. जुळलेल्या बैलाचा भाव ठरवणं सोपं असतं, कारण त्याला औताला जुंपून बघता येतं. आदत गोऱ्ह्याच्या बाबतीत घेणारा खांदा चाचपतो, खूर बघतो, शेपटीला हात लावतो आणि अंदाजाने बोली लावतो. दर वर्षी ड्राफ्टच्या आधी इंडियानापोलिसला जो 'कम्बाइन' नावाचा सोहळा भरतो, तो मला तंतोतंत असाच वाटतो. पंजाची रुंदी इंचाच्या अंशात मोजतात, चाळीस यार्ड पळायला लावून सेकंदाचे शतांश टिपतात. औत मात्र अजून कुणाच्याच खांद्यावर ठेवलेलं नसतं.

आणि ठेवल्यावर तरी पहिल्या वर्षात काय कळतं? 1998 चं उदाहरण घ्या. पेटन मॅनिंग पहिला निवडला गेला, रायन लीफ दुसरा. दोघांत कोण सरस यावर महिनोन्महिने वाद झाले होते. हंगाम सुरू झाला आणि लीफच्या संघाने पहिले दोन्ही सामने जिंकले, मॅनिंगच्या संघाने पहिले चारही गमावले. त्या सप्टेंबरात आमचा व्हॉट्सॲप गट असता तर मॅनिंगचं श्राद्ध घालून मोकळा झाला असता. मॅनिंगचा पहिला विजय पाचव्या आठवड्यात आला, तोही लीफच्याच संघावर. त्या वर्षी मॅनिंगने 28 वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हातात दिला, आणि नवख्यांच्या यादीत तो नकोसा विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे. पुढे तो या खेळातल्या थोरांपैकी एक झाला. लीफ काही वर्षांत खेळाबाहेर गेला.

मामांच्या वाक्याचा सगळ्यांत कडू पुरावा म्हणजे डेव्हिड कार. 2002 साली ह्यूस्टनमध्ये संघ नव्याने उभा राहिला आणि त्याने पहिल्याच निवडीत कारला घेतलं. पुढे उभी करायला धड फळी नव्हती. त्या एका हंगामात कार 76 वेळा लोळवला गेला. एका हंगामात इतकी आदळआपट दुसऱ्या कुणाच्याही वाट्याला आलेली नाही. त्याची कारकीर्द लांबली, पण ज्या अपेक्षेने घेतलं होतं तसा तो कधीच झाला नाही. मुळात तो तसा नव्हताच, की त्या वर्षात मोडला? याचं उत्तर आता कुणीही देऊ शकत नाही, आणि माझी तक्रार नेमकी इथे आहे. विल्यम्स पहिल्या वर्षी 68 वेळा लोळला. पुढच्या वर्षी शिकागोने प्रशिक्षक बदलला, मधल्या फळीत तीन नवे गडी आणले, आणि 'फुसका' पोरगा संघाला गटात पहिला नेऊन प्लेऑफमध्ये खेळला. व्हॉट्सॲप गटावर कुणी जुना संदेश पुसला नाही, कुणी माफीही मागितली नाही.

आता आपल्या मातीकडे. संभाजीनगरहून साठेक किलोमीटरवर जालना. तिथला विजय झोल 2011 साली कूचबिहार करंडकात महाराष्ट्राच्या 19 वर्षांखालील संघाकडून आसामविरुद्ध नाबाद 451 खेळला. आकडा वाचून आम्ही परदेशात फोनाफोनी केली होती, मला आठवतंय. 2012 साली 19 वर्षांखालचा विश्वचषक जिंकलेल्या भारतीय संघात तो होता. 2013 मध्ये महाराष्ट्राकडून रणजी पदार्पणातच त्याने द्विशतक ठोकलं. 2014 च्या विश्वचषकात तर तो भारताचा कर्णधार होता, आणि त्याच्या हाताखाली संजू सॅमसन, श्रेयस अय्यर, कुलदीप यादव खेळत होते. पाळण्यात पाय दिसतात म्हणतात ना, इथे तर पाळणाच अपुरा पडत होता. हे तिघं पुढे भारताकडून खेळले, त्यांचा कर्णधार खेळला नाही.

2012 चा कर्णधार उन्मुक्त चंद. अंतिम सामन्यात नाबाद 111. तोही भारताच्या मुख्य संघापर्यंत पोचला नाही. 2021 मध्ये त्याने भारतीय क्रिकेटचा निरोप घेतला आणि तो इकडे अमेरिकेत आला. बे एरियातल्या आपल्या काही मंडळींनी त्याला सिलिकॉन व्हॅली स्ट्रायकर्सकडून खेळताना पाहिलंय. दोन विश्वचषकांचे दोन कर्णधार, आणि दोघांच्या बाबतीत आपला बैलबाजार चुकला.

नाबाद 451 मधून आपण काय वाचलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्यातून हे कळतं की या मुलाला कंटाळा येत नाही, भूक मोठी आहे, पाय दिवसभर टिकतात. ताशी 140 किलोमीटरचा चेंडू छातीवर आला की काय होईल, ते कळत नाही. कुणीतरी महिनाभर त्याच्या खेळाच्या चित्रफिती बघून त्याचा कच्चा दुवा शोधला की तो काय करेल, तेही नाही. नवख्या क्वार्टरबॅकचंही असंच होतं. 2023 मध्ये ह्यूस्टनच्या सी. जे. स्ट्राउडने पहिल्याच वर्षी 4,108 यार्ड फेकले, फक्त पाच चेंडू गमावले, आणि सगळे त्याला उद्याचा बादशहा म्हणू लागले. त्याच्या आधी निवडलेला ब्राइस यंग कॅरोलायनात 62 वेळा लोळला, त्याला लोकांनी निकालात काढलं. दुसऱ्या वर्षी स्ट्राउडने बारा चेंडू गमावले आणि तो 52 वेळा लोळला. यंगला दोन सामन्यांनंतर बाकावर बसवलं, आणि परत आल्यावर तो आधीपेक्षा बरा खेळू लागला. पहिलं वर्ष मृगाच्या पहिल्या सरीसारखं असतं. आपल्याकडे कृषी खातं दर जूनमध्ये घसा फोडून सांगतं की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. तरी पहिली सर आली की आपले हात शिवशिवतात, आणि मग दुबार पेरणी.

इथे एक उदाहरण माझ्या बाजूने नाही, तरी सांगितलंच पाहिजे. ऑक्टोबर 2016, वानखेडे मैदान, महाराष्ट्र विरुद्ध दिल्ली. आपल्या संभाजीनगरचा अंकित बावणे आणि स्वप्निल गुगळे यांनी तिसऱ्या विकेटसाठी नाबाद 594 धावांची भागी केली. गुगळे नाबाद 351, बावणे नाबाद 258. विजय हजारे आणि गुल मोहम्मद यांचा सत्तर वर्षांचा 577 चा रणजी विक्रम मोडला. त्याच सामन्यात दिल्लीच्या एका एकोणीस वर्षांच्या पोराने 308 काढल्या. त्याचं नाव ऋषभ पंत. चार महिन्यांत तो भारताकडून टी-20 खेळला. बावणे शाळकरी वयात महाराष्ट्राकडून खेळायला लागला, वर्षानुवर्षं धावांचे ढीग रचत राहिला, पण भारताची टोपी त्याला मिळाली नाही. संभाजीनगरी माणूस म्हणून मला याचं वाईट वाटतं. पण त्या दिवशी त्या मैदानावर मी निवड समितीत असतो तर मीही पंतलाच निवडलं असतं. पारख असतेच, ती खोटी नाही. काही गोऱ्हे खरोखर चालीवरून ओळखू येतात.

मग माझं म्हणणं काय? भाव ठरला की वैरण ठरते, हे माझं म्हणणं. महाग घेतलेल्या बैलाला हिरवा चारा आणि स्वस्तातल्याला कडबा. पुढे महाग बैल चांगला निघाला की आपण आपल्याच पारखीची पाठ थोपटतो, चाऱ्याचं नाव कुणी काढत नाही. ड्राफ्टमध्ये पहिला आलेल्या मुलावर कोट्यवधी डॉलर लावलेले असतात, म्हणून तो दोन-तीन वर्षं पडला तरी मालकाला धीर धरावा लागतो. खालच्या क्रमांकाच्या मुलाला आधी कुणीतरी जखमी व्हावं लागतं. 2000 साली टॉम ब्रेडी 199 वा निवडला गेला आणि पुढच्या वर्षी ड्रू ब्लेडसो जबर जखमी झाला म्हणून मैदानात आला. 2022 च्या ड्राफ्टमधला सगळ्यांत शेवटचा, 262 वा ब्रॉक पर्डी सॅन फ्रान्सिस्कोत तिसऱ्या क्रमांकावर होता. वरचे दोघे पाय मोडून बसले म्हणून तो उतरला, आणि पुढच्याच हंगामात संघाला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. या गोष्टी आपण चमत्कार म्हणून सांगतो. मला त्या ऐकताना वेगळीच हुरहूर लागते: ज्यांच्या वरचा गडी कधी जखमी झालाच नाही, अशा किती जणांची नावंही आपल्याला माहीत नाहीत?

ऋतुराज गायकवाडचंच बघा. 19 वर्षांखालचा विश्वचषक त्याच्या वाट्याला आला नाही. 2020 च्या आयपीएलमध्ये चेन्नईकडून पहिल्या तीन डावांत 0, 5, 0. काही तरुणांत ठिणगी दिसली नाही, असं धोनी त्याच सुमारास म्हणाला होता. तोवर चेन्नईचं आव्हान जवळपास संपलं होतं, गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून पोराला पुन्हा पुन्हा उतरवलं. पुढचे तीन डाव: नाबाद 65, 72, नाबाद 62. पुढच्या वर्षी 635 धावा आणि ऑरेंज कॅप. चेन्नई त्या वर्षी जोरात असती, तर त्या तीन डावांनंतर चौथा मिळाला असता? मला शंका आहे.

आता प्रस्तावाकडे येतो. मराठवाड्यातला मुलगा महाराष्ट्राच्या संघात जायचा तर निवडीची सूत्रं पुण्यात. संभाजीनगर ते पुणे रात्रभराची बस, सकाळी उतरून तोंड धुवायचं आणि चाचणीला उभं राहायचं. घरी सराव मॅटवर, नाहीतर आमखास मैदानावर टेनिस चेंडूने, आणि चाचणीत टर्फ. दहा चेंडू मिळतात. त्यातले तीन कडेला लागले की झालं, पुढच्या वर्षी या. आपण हजारो मैलांवरून त्याच दहा चेंडूंच्या अहवालावर एका मुलाच्या गळ्यात हार घालणार, गावात त्याचा फलक लागणार, बाप नोकरीवर पाणी सोडून त्याच्या मागे फिरणार. आणि मुलगा सोळाव्या वर्षी अडखळला तर? त्याला लोळवणाऱ्यांत पहिलं नाव आपलं असेल.

माझी उपसूचना अशी: पैसे तेवढेच ठेवा, मुलगा निवडू नका. त्याच्या पुढची फळी उभी करा. सरावाला एक टर्फ खेळपट्टी आणि ती राखणाऱ्या माणसाचा पगार. चाचणीच्या आदल्या दिवशी पुण्यात मुक्कामाची सोय. आणि ज्यांना मागच्या वर्षी पुण्याहून परत पाठवलं, त्यांच्यासाठी उन्हाळ्यात महिनाभराचं शिबिर. हे शेवटचं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण पहिल्यांदा निवडल्या गेलेल्याकडे सगळेच बघतात. या योजनेत फोटो काढण्यासारखं काही नाही, हे मला मान्य आहे. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर रोलरचं चित्र शोभणार नाही.

सभेनंतर मी मामांना फोन केला, तुमच्या ओळखीच्या प्रशिक्षकांना विचारून गरजांची यादी पाठवा म्हणून. चार दिवसांनी वहीच्या पानाचा फोटो आला. मॅटिंग दोन, नेटसाठी लोखंडी खांब सोळा, हेल्मेट लहान मापाची दहा, रोलर एक (जुना चालेल), बसभाडं अठ्ठावीस पोरांचं, जाऊन-येऊन. खाली मामांची सही. पोराचं नाव एकाचंही नाही. मी ती यादी तशीच कार्यकारिणीला पुढे पाठवली. खजिनदारांनी उत्तरात विचारलंय, चेक नेमका कुणाच्या नावाने काढायचा.