पोर तयार आहे, बोट कुठे आहे?

आमच्या किनारपट्टीवर सत्कार समारंभ असला की एक वाक्य हटकून कानावर येते. कान्होजी आंग्र्यांच्या मुलखातली पोरे आज समुद्राला पाठ दाखवतात म्हणे. मर्चंट नेव्हीत एवढा पैसा, पण मराठी मुलाला घरचा आमटीभात सुटत नाही. टाळ्या पडतात, पाहुणे नारळ-शाल घेऊन गाडीत बसतात. उभी हयात बोटीवर काढलेल्या माझ्यासारख्याने या टाळ्या किती वेळा ऐकायच्या?

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वाडीतला एक पोरगा बापाबरोबर माझ्याकडे आला. छत्री ओसरीवर ठेवली आणि प्लास्टिकच्या पिशवीतून फाइल काढली. दहावीचे गुणपत्रक, सहा महिन्यांच्या जीपी रेटिंग, म्हणजे सर्वसाधारण खलाशाच्या, कोर्सचे प्रमाणपत्र, पाण्यात जीव वाचवण्याचे, आग विझवण्याचे, प्रथमोपचाराचे अशी एकेक सर्टिफिकेटे, इंडॉस, म्हणजे खलाशांच्या राष्ट्रीय नोंदणीचा, नंबर आणि शेवटी सीडीसी, म्हणजे खलाशाचे नोंदपुस्तक. मी ते उघडले. बोटीचे नाव, साइन ऑनची तारीख, साइन ऑफची तारीख, कप्तानाची सही यांसाठी पानेच्या पाने आखलेली असतात. सगळी कोरी. कोर्स संपून दोन वर्षे झाली होती. कर्ज सोसायटीचे होते. "पोर तयार हाय, भाऊ. बोट कुटं हाय?" बापाने विचारले. मधल्या काळात एका एजंटाने बोट 'लावून देण्याचे' तीन लाख मागितले होते. ते द्यावेत का, हे विचारायला दोघे आले होते.

समुद्राला पाठ दाखवणारा पोरगा तो हा!

मराठी मुलात धमक नाही, हा आरोप नवा नाही. फक्त तो करणारे बदलले. पी अँड ओसारख्या इंग्रजी कंपन्यांच्या डेकवर रत्नागिरी जिल्ह्यातले कोकणी मुसलमान खलाशी पिढ्यानपिढ्या राबत होते. खलाशांचा म्होरक्या सारंग त्यांचा, त्याच्या हाताखालचा टंडेल त्यांचा. सलूनमध्ये ताटे गोव्याच्या माणसांच्या हातात. पण ब्रिजवर उभा राहणारा अधिकारी गोरा. का? तर हिंदी माणसाला ते जमायचे नाही. 1922 साली पी. एस. शिवस्वामी अय्यर यांनी केंद्रीय कायदेमंडळात भारतीय व्यापारी नौदलाचा ठराव मांडला. पुढे 1927 मध्ये 'डफरिन' हे जुने लष्करी वाहतुकीचे जहाज मुंबईत नांगरून त्यावर भारतीय कॅडेट घडवायला सुरुवात झाली. त्यांतलेच अधिकारी झाले, कप्तान झाले. 1972 मध्ये 'डफरिन'ची जागा 'राजेंद्र'ने घेतली, 1993 मध्ये नवी मुंबईच्या करावे येथे जमिनीवरचे 'चाणक्य' आले. 'जमत नाही' म्हणणाऱ्यांना त्याच वेळी उत्तर मिळाले होते. अडचण लायकीची नव्हती, दाराची होती. आजही ती दाराचीच आहे.

दुसरा आक्षेप माझ्याच पिढीतले जुने लोक घेतात, म्हणून तो जास्त टोचतो. "प्रशिक्षणाचे वर्ग कसले घेता? समुद्र सगळे शिकवतो. आम्ही काय शिकून गेलो होतो?" या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. वारा कसा फिरतो, घाबरलेल्या नव्या पोराला रात्री बाराच्या वॉचवर कसे उभे करायचे, हे कोणतेही पुस्तक शिकवत नाही. पण जहाजाचा तोल राखणाऱ्या पाण्याच्या, बॅलास्टच्या टाकीचे काय? टाकी महिनोन्महिने बंद राहते, आतले लोखंड गंजत राहते आणि गंज हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकतो. वास नाही, रंग नाही, धूर नाही. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के असतो; आत किती उरला ते मीटरने न मोजता शिडी उतरणारा माणूस तिसऱ्या-चौथ्या पायरीवर कोसळतो. वरचा जोडीदार त्याला वाचवायला उडी घेतो आणि त्याच्याच अंगावर पडतो. जगभरच्या जहाजांवर माणसे अजून अशी मरतात, आणि त्यांतली कितीतरी वाचवायला गेलेली असतात. म्हणून तर 2015 पासून बंद जागेत शिरण्याची आणि तिथून माणूस काढण्याची कवायत दर दोन महिन्यांनी सक्तीची झाली. समुद्र हा धडा शिकवतो खरा, पण शिकणारा वर येत नाही.

दुसरे उदाहरण घ्या. मार्च 2024 मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर बंदरातून निघालेल्या 'डाली' या कंटेनर जहाजाची वीज गेली आणि ते पुलावर आदळले. पुलावर काम करणारी सहा माणसे गेली. त्या जहाजावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते. आदळण्याआधी जहाजावरून धोक्याचा इशारा गेला आणि पोलिसांना पुलावरची वाहतूक थांबवायला थोडा वेळ मिळाला. वीज गेलेल्या बोटीवर कोणाला काय कळवायचे, हे त्या क्षणी शोधत बसता येत नाही.

तिसरे म्हणणे सर्वांत गोड आणि सर्वांत घातक. मुलांना संधी हवी ना, मग आणखी संस्था काढा. आता वाढवणला बंदर होते आहे, नोकऱ्याच नोकऱ्या! अहो, बंदर वेगळे आणि बोट वेगळी. बंदरात क्रेन चालते, कॅडेटला सी-टाइम, म्हणजे बोटीवरच्या कामाचा काळ, मिळत नाही. आणि या धंद्यात शिक्षण म्हणजे सी-टाइमच. एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे मान्यताप्राप्त प्रशिक्षण घेतलेल्याला वॉच सांभाळणारा डेक अधिकारी होण्यापूर्वी किमान बारा महिने समुद्रावर काढावे लागतात. तसे प्रशिक्षण नसेल तर छत्तीस. आपल्या एका वर्षाच्या डीएनएस या नौकानयनाच्या पदविकेनंतर अठरा महिने. म्हणजे अभ्यासक्रमाचा मोठा भाग संस्थेच्या आवारात होतच नाही. फी पुरी घ्यायची आणि अर्धाच अभ्यासक्रम द्यायचा, असे वैद्यकीय महाविद्यालयाने केले असते तर? रुग्णालय तुमचे तुम्ही शोधा, असे त्यांनी सांगितले असते, तर दुसऱ्या दिवशी मोर्चा निघाला असता.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. बोटीवर कॅडेटसाठी केबिन मोजक्या, राहणाऱ्यांची संख्या ठरलेली, शिकाऊ पोरावर लक्ष ठेवायला चीफ ऑफिसरला वेळ हवा. मान्य. पण तयार सेकंड ऑफिसर हवा तेव्हा याच कंपन्या मुंबईत धावत येतात. त्याला कोणीतरी कधीतरी कॅडेट म्हणून घेतले होते ना? 2004 मध्ये आलेल्या टनेज टॅक्सच्या, म्हणजे जहाजाच्या टनांवर कर मोजण्याच्या, सवलतीला शिकाऊ अधिकारी घडवण्याची अट जोडलेली आहे. सवलत हवी तर पोरे शिकवा, हा रोख सौदा मला पटतो. पण आपले बरेच अधिकारी आणि खलाशी परदेशी झेंड्याच्या बोटींवर, इथल्या परवानाधारक भरती कंपन्यांमार्फत जातात. त्या बोटींना आपल्या करसवलतीशी काय देणेघेणे?

म्हणून माझी मागणी दोन कलमांची. भारतातून तयार माणसे उचलण्याचा परवाना ज्याला हवा, त्याने ठरावीक प्रमाणात कॅडेट आणि शिकाऊ रेटिंगही उचलावेत. परवान्याच्या नूतनीकरणाला हीच अट. आणि संस्थेला जागा मंजूर करताना वर्गखोल्या आणि जलतरण तलाव मोजायच्या आधी बोटीवरचे शिकाऊंचे बर्थ मोजावेत. डीएनएससाठी कंपनीच्या प्रायोजकत्वाचे पत्र आधी मागण्याची पद्धत आहेच. तीच जीपी रेटिंगला लावा. 'जागा कमी होतील' अशी ओरड होईल. होऊ द्या. साठ कोऱ्या सीडीसींपेक्षा वीस भरलेल्या बऱ्या.

इंग्रजीचा बाऊ करणाऱ्यांना जाता जाता एवढेच: बोटीवरची इंग्रजी मोजून-मापून घेतलेली असते. कप्तान म्हणतो 'स्टारबोर्ड टेन', सुकाणूवरचा माणूस 'स्टारबोर्ड टेन' म्हणून चाक फिरवतो आणि काटा दहावर आला की पुन्हा सांगतो. मराठी शाळेतल्या पोराला हे दोन महिन्यांत येते.

त्या बापलेकांना मी सांगितले, तीन लाख द्यायचे नाहीत. नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणे 2006 च्या सागरी श्रम करारात निषिद्ध आहे आणि तो करार भारताने 2015 मध्ये स्वीकारला आहे. भरती कंपनीचा परवाना खरा की खोटा, हे नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर नंबर टाकून कळते. त्यांच्यासमोरच त्या एजंटाचा नंबर शोधला. नव्हता.

यंदा ज्यांच्या घरी अशा संस्थेची माहितीपुस्तिका आली असेल, त्यांनी वसतिगृह बघायला जाताना पांढऱ्या गणवेशातले फोटो बाजूला सारून एकच विचारावे: मागच्या तुकडीतली किती पोरे आज बोटीवर आहेत आणि कोणत्या बोटीवर? उत्तर लेखी मागा. मिळाले नाही, तर चेकबुक पिशवीतच राहू द्या.