विंचू उतरतो कसा?

मंत्राने विंचू उतरतो. हे वाक्य वाचून आमच्या प्राध्यापक मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतील, आणि 'चला, वार्षिकांकात यंदा बुवाबाजीही आली!' असे एखादा मित्र म्हणेल. पण हा माझा स्वानुभव आहे. मी चौथीत होतो. चुलीसाठी गोवऱ्या काढायला ढिगात हात घातला आणि काळ्या इंगळीने बोट फोडले. खांद्यापर्यंत आग आग झाली. आईने उचलून मारुतीच्या पारावर नेले. तिथे गावातले एक म्हातारे बाबा कडुलिंबाची डहाळी घेऊन बसले, तोंडाने काही पुटपुटत खांद्यापासून खाली हात फिरवू लागले. "कोपरापातुर आला का? आता मनगटाला आला का?" असे ते विचारीत होते, मी मान डोलवीत होतो, आणि खरोखरच तासा-दोन तासांत वेदना बोटाच्या टोकाशी येऊन थांबली. बाबांनी एक पैसा घेतला नाही. नारळ मारुतीपुढे फुटला, खोबऱ्याचा तुकडा मलाही मिळाला.

तेव्हा मंत्राच्या बाजूने साक्ष द्यायला माझ्याइतका योग्य साक्षीदार शोधून सापडणार नाही. ती साक्ष मी एकदा दिलीही. त्याबद्दल पुढे लिहिणारच आहे.

आपल्या भागात अशा समजुतींना तोटा नाही. नागाला दूध पाजावे, नागीण डूख धरते, ग्रहणात गर्भवतीने विळी हाती घेतली तर मुलाचा ओठ फाटतो. यांपैकी पुष्कळशा नुसत्या करमणुकीच्या आहेत. साप दूध पितो की नाही यावरून कुणाचा जीव जात नाही. (गेलाच तर उपाशी-तहानलेल्या त्या बिचाऱ्या सापाचा जातो.) पण काही समजुती अशा आहेत की त्यांच्यामागे 'प्रचीती' उभी असते. त्याच अधिक चिवट, आणि माझ्या मते त्याच अधिक घातक.

कावीळ घ्या. चुन्याच्या पाण्यात हात धुवून 'कावीळ उतरवणारे' तालुक्याच्या प्रत्येक गावाला ठाऊक असतात. पाणी पिवळे होते, आणि रोगी महिनाभरात बराही होतो. पण झाडाच्या सालीचा रस आधी हाताला चोळला असला की निरोगी माणसाच्या हातानेही ते पाणी पिवळेच होणार. घाण पाण्यातून येणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप ओसरते. हात धुतले नसते तरी ओसरलीच असती. अंगावर उठणारी नागीणही तशीच. तिने कमरेला पूर्ण वेढा घातला की माणूस दगावतो, म्हणून वेढा पुरा होण्याआधी ती 'बांधून' घ्यायची, असा आमच्याकडचा प्रघात. वास्तविक ही लहानपणीच्या कांजिण्यांचीच उरलेली पिलावळ. कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी वर्षानुवर्षे दडून बसतो आणि पुढे कधीतरी त्या एका तंतूच्या वाटेने कातडीवर उमटतो. तो तंतू शरीराच्या एकाच बाजूला असतो. म्हणून फोडांचा पट्टा बहुधा पोटाच्या आणि पाठीच्या मध्यरेषेशी येऊन थांबतो. वेढा पुरा होणारच नसतो, आणि बांधणाऱ्याला मात्र यश हमखास मिळते!

विंचवाचेही हेच आहे. आकाराने मोठी, काळीकभिन्न इंगळी पाहून आपली गाळण उडते. पण तिच्या नांगीने बहुधा वेदनाच होतात, त्याही काही तासांत आपल्या पावलांनी उतरतात. खरा मारेकरी तो लहानखुरा लाल विंचू. त्याचे विष अंगातल्या उत्तेजक द्रव्यांचा लोंढा सोडते. दरदरून घाम सुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब भलताच चढतो आणि अखेर हृदय दमून फुप्फुसात पाणी भरते. अशा वेळी वेदना फारशी नसली तर घरचे लोक समजतात, विंचू उतरला!

या लाल विंचवाचा उतारा ज्यांनी शोधला ते डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्या जालना जिल्ह्यातील देहेड गावचे. (जिल्हा १ मे १९८१ ला झाला, त्यांचा जन्म १९५१ चा. पण माती तीच.) आपल्या महाविद्यालयातील किती जणांना हे नाव माहीत आहे, याची मी वर्गात सहज चौकशी केली. दोन हात वर झाले. १९७६ साली हे शेतकऱ्याचे पोर कोकणात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून रुजू झाले. विंचू चावलेली माणसे, विशेषतः लहान मुले, डोळ्यांदेखत मरत होती. हाताशी ना मोठी यंत्रे, ना तज्ज्ञ. मग त्यांनी रोग्याच्या खाटेशी बसून पाहिले आणि टिपून ठेवले. घाम केव्हा सुटला, नाडी किती, दाब किती, कोण वाचले, कोण गेले. त्यातून निघालेली निरीक्षणे १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पुढे रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची साधी गोळी विंचवाच्या विषाच्या परिणामावर नेमकी लागू पडते, हे त्यांनी दाखवले. तो निबंध १९८६ चा. गंभीर झालेल्या रोग्यांत शंभरातले तीसच्या आसपास जिथे दगावत होते, तिथे ते प्रमाण चारांच्याही खाली आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मला यात गोळीइतकेच त्या टिपणाचे महत्त्व वाटते. पारावरच्या बाबांनीही शेकडो विंचू उतरवले असतील. पण बरे झालेला माणूस गावभर सांगत सुटतो. दगावलेला माणूस सांगायला येत नाही, आणि त्याच्या घरचे 'आयुष्य सरलं होतं' म्हणून गप्प बसतात. गावाच्या वहीत जमेची बाजू तेवढी लिहिलेली असते. खर्चाचे पान कोरेच!

सापाच्या बाबतीत तर ही वही फारच फसवी आहे. आपल्याकडे माणसे मरतात ती मुख्यतः चार जातींमुळे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. बाकी धामण, दिवड, तस्कर ही सारी बिनविषारी प्रजा. शिवाय विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असे नाही. म्हणजे मांत्रिकाकडे आलेल्यांपैकी कितीतरी जण मुळात मरणारच नसतात. उरलेल्यांचा हिशेब कोण मांडतो? २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. वर्षाला सुमारे अठ्ठावन्न हजार.

त्यातला एक माझा आत्तेभाऊ होता.

मी सातवीत, तो दहावीत. श्रावणातली रात्र, घरात सगळे जमिनीवर झोपलेले. पहाटे तीनला तो पोट धरून उठला. आत्या म्हणाली, "रातचं पिठलं बाधलं लेकराला," आणि तिने ओवा दिला. अंगावर जखम नव्हती, सूज नव्हती. मग त्याच्या पापण्या जड होऊ लागल्या. जागरणाने झोप अनावर झाली असेल असे वाटले. उजाडताना धान्याच्या पोत्यामागे मण्यार दिसली आणि सगळ्यांचे धाबे दणाणले. तालुक्याला न्यायचे की पारावर, यावर अंगणात चर्चा झाली. त्या चर्चेत मी मोठ्या माणसांच्या मधे तोंड घालून म्हणालो, "बाबांनी माझा इचू उतरवला होता ना!" माझ्या सांगण्यावरून त्याला पारावर नेले असे नाही. नेलेच असते. पण मी म्हणालो होतो. बाबांनी कडुलिंबाचा पाला चावायला दिला. कडू लागला तर विष नाही, अशी ती परीक्षा. त्याला घास गिळताच येईना. पाण्याचा घोटही नाकातून परत आला. ऊन चढेपर्यंत तिथेच गेले. नंतर जीप मिळाली, आणि वाटेत त्याचा श्वास थांबला.

आज मी वाचून जाणतो की मण्यारीचा दंश बहुधा रात्री, झोपलेल्या माणसाला होतो. तो दुखत नाही, खूण दिसत नाही. तिचे विष मज्जातंतूंचा निरोप स्नायूंपर्यंत पोचू देत नाही. आधी पापण्या, मग घसा, मग श्वास. लवकर सर्पविषावरची लस टोचली आणि वेळ पडल्यास यंत्राने श्वास चालू ठेवला, तर असा रोगी काही दिवसांनी आपल्या पायांनी घरी जातो. घट्ट दोरी आवळणे, जखम कापणे, विष चोखणे हे सगळे चुकीचे. अवयव हलू न देता १०८ ची गाडी बोलवायची आणि थेट दवाखाना गाठायचा.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले तो त्याच वर्षी झाला. त्याच्या अनुसूचीत एक कलम खास आपल्यासाठी आहे: कुत्रा, साप वा विंचू चावलेल्या व्यक्तीला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. कायदा हवाच होता. पण आमच्या बाबांना तो कसा लावायचा? त्यांनी कुणाला रोखले नाही, पैसे घेतले नाहीत. त्या पोराला खांद्यावर घालून पारावर आम्हीच नेले होते. वर्गातल्या वादविवादात 'भोंदू' हा शब्द फार सोपा वाटतो. माझ्या जिभेवर तो येत नाही.

पैठणच्या नाथांनी भारुडात विंचवावरचा उतारा सांगितला, तो मनातल्या विंचवावरचा. गोवऱ्यांतल्या विंचवावर तो चालतो असे नाथांनी कधीच म्हटले नव्हते. ते आपण जोडले.

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा बाबांना भेटलो. आता त्यांना दिसत नाही. मी धीर करून विचारले, "बाबा, आजवर किती जणांचं उतरवलं?" ते म्हणाले, "त्याची काय गणती हाय व्हय?" मग विचारले, "आन् उतरलं नाही, असे किती?" बराच वेळ ते बोलले नाहीत. मला वाटले, रागावले. मग त्यांनी बोटे मोडायला सुरुवात केली. एक वाणीण, एक सालगडी, त्याच्या मागच्या पोळ्याला एक लहान पोरगी. प्रत्येकाचे घर, महिना, वार त्यांना पाठ होते. पाचवे बोट मोडून ते थांबले आणि म्हणाले, "हे तुह्या आत्याचं."

अलीकडे कुणी आले तर ते पारावरूनच माघारी पाठवतात, असे शेजारच्या पोराने मला नंतर सांगितले.