निराधारांचा ‘पगार’ आणि निवाऱ्याचा प्रश्न

भारतीय राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता या आपत्तींचा नाव घेऊन उल्लेख केलेला आहे. अशा प्रसंगी नागरिकास सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा हक्क राज्याने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत मिळवून द्यावा, असे ते कलम सांगते. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, न्यायालयात जाऊन ते बजावून घेता येत नाही, ही गोष्ट आम्हांस ठाऊक आहे. तथापि तेथे वापरलेला शब्द ‘हक्क’ हा आहे. ‘दया’ हा नव्हे. या एका शब्दाच्या कसोटीवर छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत आणि तिच्या कडेच्या भीमनगर, भावसिंगपुरा, पडेगाव या वस्त्यांत राहणाऱ्या अपंग बांधवांची आजची स्थिती तपासून पाहावी, असे आम्हांस वाटते. प्रश्न साधा आहे. शासन देते त्या साहाय्यावर अपंग मनुष्यास डोक्यावर छप्पर मिळते काय? मिळत नाही, हे उत्तर कोणीही देईल. परंतु ते का मिळत नाही, याचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाही.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या रकमेस आपल्या वस्त्यांत ‘पगार’ म्हणतात. ‘निराधारचा पगार आला काय?’ असे म्हातारी माणसे एकमेकांस विचारतात, आणि त्या शब्दात त्यांच्या मनाचा एक मान आहे. ही योजना १९८० पासून चालू आहे. जुलै २०२३ पासून तिची रक्कम दरमहा १,५०० रुपये झाली. ती विधवेस, निराधारास आणि अपंगास सारखीच होती. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली संमत होऊन १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. त्याचे २४ वे कलम असे सांगते की, इतरांसाठीच्या तशाच योजनेत जी रक्कम दिली जाते तिच्याहून अपंगांची रक्कम किमान २५ टक्के अधिक असली पाहिजे. या हिशेबाने १,५०० च्या जागी १,८७५ रुपये तरी द्यावयास हवे होते. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने अपंगांसाठी १,००० रुपयांची वाढ मंजूर केली आणि ऑक्टोबरपासून ती रक्कम २,५०० झाली. त्याच वर्षी जूनमध्ये मोझरी येथे झालेल्या अन्नत्याग आंदोलनात मागणी ६,००० रुपयांची होती. वाढ झाली ती चांगलीच झाली. ती नाकारण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. पण कायद्याने जे आधीच देणे होते त्यातले काही या वाढीत मोडते, हे विसरून आभारप्रदर्शनाच्या सभा भरविण्याचेही कारण नाही.

आता २,५०० रुपयांचा संसार मांडून पाहा. समजा, इमारतीवरून पडून कमरेखाली अधू झालेला एक गवंडी आहे. त्याला खोली पाहिजे ती तळमजल्याची, कारण जिना त्याला चढवत नाही. संडास खोलीत किंवा खोलीला लागून पाहिजे, कारण गल्लीच्या टोकाच्या सार्वजनिक संडासापर्यंत तो पोहोचू शकत नाही. घाटी रुग्णालयाच्या आवाक्यात पाहिजे, कारण दर महिन्यास तेथे जावे लागते. धडधाकट मनुष्य स्वस्त खोलीसाठी तिसऱ्या मजल्यावर चढेल, गावाबाहेर जाईल, चार जणांत राहील. अपंगास यातील एकही मार्ग मोकळा नाही. त्याला लागणारी खोली ही मुळातच महाग खोली आहे, आणि ती घेण्याची ऐपत सर्वांत कमी त्याचीच आहे. पगारातली सगळी रक्कम भाड्याला गेली तर खावयाचे काय, हा प्रश्न उरतो. आणि अनामत रकमेचे नाव काढले की बोलणेच खुंटते. हाती रोकड शिल्लक राहील असे त्याचे जिणे कधी होते?

त्यात आणखी एक गाठ आहे. अपंग लाभार्थ्याच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत असावे, अशी अट आहे. त्या गवंड्याची पत्नी चार घरची धुणीभांडी करून महिन्यास ५,००० मिळवू लागली की वर्षाचे ६०,००० होतात आणि नियमाप्रमाणे नवऱ्याचा पगार बंद! म्हणजे पगार ठेवावा तर भाडे भरता येत नाही, आणि भाडे भरण्याइतके कमवावे तर पगार जातो. अशा अटीखाली जगणारा मनुष्य लपवाछपवी शिकतो आणि मग त्यालाच लबाड म्हणतात. खरी लबाडी त्या अटीत आहे.

घर नाकारले जाणे म्हणजे काय, हे आपल्या समाजास कोणी शिकविण्याची गरज नाही. १९१७ साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बडोद्यास नोकरीवर गेलेल्या बाबासाहेबांस त्या शहरात राहावयास जागा मिळाली नाही, आणि पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढण्यात आले, ही हकीकत आपल्या घराघरांत सांगितली जाते. आज जात विचारण्याची रीत बदलली आहे. आडनाव विचारतात, भिंतीवरची तसबीर पाहतात, आणि खोली ‘कालच गेली’ असे सांगतात. त्यात कुबडी दिसली की दुसरे कारण आपोआप मिळते: ‘उद्या हा पडला तर जबाबदारी कोणाची?’ दोन्ही कारणे एकाच मनुष्याच्या वाट्याला येतात, आणि कोणत्या कारणाने नकार मिळाला हे त्याला कधीच कळत नाही.

ज्याला खोली मिळते त्याला कागद मिळत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या ५५ व्या कलमान्वये भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. असे असता छोट्या खोल्यांचे व्यवहार तोंडीच चालतात. निरोगी भाडेकरूचे त्यावाचून एक वेळ भागते. अपंगाचे भागत नाही. कारण पगाराच्या अर्जास रहिवासाचा पुरावा लागतो, उत्पन्नाचा दाखला लागतो, पुढे हयातीचा दाखला लागतो. दर अकरा महिन्यांनी खोली बदलली की पत्ता बदलतो, आणि पत्ता बदलला की कचेरीची पायपीट पुन्हा सुरू. ज्याला पायच नीट नाहीत त्याने ती कशी करावी?

मग शासनाच्या घरकुल योजना कोणासाठी आहेत, असे कोणी विचारील. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध यांच्यासाठी रमाई आवास योजना आहे. शहरी भागात तिचे अनुदान अडीच लाख रुपये आहे. नवबौद्धांस राज्यात १९६० पासून सवलती मिळाल्या आणि केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात १९९० साली बौद्धांचा समावेश झाला, तेव्हा आपल्या वाचकांनी जातीच्या दाखल्याबाबत मनात भीती बाळगण्याचे कारण नाही. परंतु या योजनेचे पैसे घर बांधण्यासाठी आहेत. पायाखालची जागा स्वतःची लागते. आणि छावणीत तर जागेचा प्रश्न अधिकच बिकट आहे. निजामाच्या राज्यात इंग्रजांच्या अंमलाखालील फौजेसाठी वसलेली ही वस्ती. येथील जमीन बहुतांशी संरक्षण खात्याची. कोठे ओल्ड ग्रँट, कोठे पट्टा. वीट रचावयाची तरी छावणी परिषदेची परवानगी लागते. ही वस्ती ग्रामपंचायत नव्हे आणि महानगरपालिकाही नव्हे. महापालिकेने आपल्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम अपंगांसाठी राखून ठेवावयाची असते. रस्त्याच्या अलीकडचा अपंग त्या रकमेत बसतो आणि पलीकडचा बसत नाही. २०२३ साली हिमाचल प्रदेशातील योल छावणीचा नागरी भाग वेगळा करण्यात आला. तेव्हापासून इतर छावण्यांचे नागरी भाग शेजारच्या पालिकांत सामील करण्याचा विचार चालू आहे. आपल्या छावणीवर ती वेळ येईल तेव्हा मालमत्ता आणि कर यांच्या याद्या तयार होतीलच. भाड्याने राहणाऱ्या अपंगांची यादीही त्याच वेळी झाली पाहिजे. जमीनमालकाची नोंद झाली आणि भाडेकरूची राहिली, तर विलीनीकरणाने भाडे तेवढे वाढेल.

पंतप्रधान आवास योजनेत या शहरासाठी पडेगाव, तिसगाव, हर्सूल, सुंदरवाडी अशा ठिकाणी सुमारे ४० हजार घरे बांधावयाची होती. यातील पडेगाव तर छावणीच्या अगदी अंगाला आहे. निविदा एकाच संगणकीय पत्त्यावरून भरल्या गेल्याचा आरोप झाला, २०२३ मध्ये गुन्हा नोंदविला गेला, सक्तवसुली संचालनालयाचे छापे पडले. त्या प्रकरणाचा निवाडा न्यायालय करील. आम्ही इतकेच विचारतो की, कागदावरच्या त्या चाळीस हजारांत नियमाने अपंगांच्या वाट्याला जी दोन हजार घरे आली असती, त्यांचा हिशेब कोण देणार? कारण कायद्याच्या ३७ व्या कलमात सर्व घरवाटपाच्या योजनांत अपंगांसाठी पाच टक्के आरक्षण आहे, आणि त्यातही अपंग स्त्रियांस अग्रक्रम आहे.

हे आरक्षण अंमलात आले तरी आमच्या मते अर्धेच काम होईल. योजनेतील घर अनुदान वजा जाता काही लाखांचे असते. त्यासाठी कर्ज काढावे लागते, आणि २,५०० रुपयांच्या पगारावर कोणती बँक कर्ज देईल? ज्याला घर विकत घेता येत नाही त्याच्यासाठी विक्रीच्या घरांत आरक्षण ठेवणे म्हणजे उपाशी माणसास मेजवानीच्या दारात उभे करणे होय. अपंगास पाहिजे ते परवडणाऱ्या भाड्याचे सरकारी घर. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा एक स्वतंत्र घटक आहे. आपल्या संघटनांनी आपली सारी ताकद याच एका ठिकाणी लावावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. भाड्याच्या घरांत पाच टक्के वाटा, तो तळमजल्यावर, आणि भाडे पगाराच्या एक तृतीयांशाहून अधिक नाही. एवढी मागणी मान्य झाली तर खरा फरक पडेल. नामांतराचा मोह आपल्या राज्यकर्त्यांस फार. ‘अपंग’ शब्द जाऊन ‘दिव्यांग’ आला, २०२२ साली स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही निघाला. विभाग निघाला हे योग्यच झाले. परंतु नाव बदलल्याने उंबरठ्याची उंची कमी होत नाही.

दुसऱ्यांस इतके विचारल्यावर आपल्या घरातही डोकावले पाहिजे. आपल्यापैकी काही कुटुंबांची गेल्या पिढीत घरे झाली, खाली दोन खोल्या भाड्याने देण्याइतकी झाली. त्या खोल्या आपण कोणास देतो? महाविद्यालयातील मुलांस, नोकरदारास. आंधळ्या किंवा लंगड्या मनुष्यास देताना आपलाही हात आखडतो. ‘मागच्या जन्मीचे फळ’ हे वाक्य अजून काही तोंडांतून ऐकू येते. मागच्या जन्मीच्या कर्माने मनुष्याचे दैन्य ठरते, हा विचार बाबासाहेबांनी आपल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात साफ नाकारला आहे. धम्म स्वीकारलेल्या घराच्या ओट्यावर तो विचार बसलेला दिसावा, ही शरमेची गोष्ट आहे.

प्रत्येक विहार समितीने आपल्या वस्तीपुरते हे काम हाती घ्यावे. तळमजल्याच्या किती खोल्या भाड्याच्या आहेत, त्यांपैकी किती ठिकाणी संडास जवळ आहे, याची वही करावी. चाळीस टक्के वा अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र कोणाचे झालेले नाही, त्यांची नावे लिहावीत आणि घाटीत त्यांच्याबरोबर एक तरुण पाठवावा. घरमालकाने करार नोंदविला नसेल तर समितीच्या दोघांनी जाऊन त्याला ५५ वे कलम वाचून दाखवावे. अनामतीसाठी समितीने वर्गणीतून एक फंड ठेवावा. खोली सोडताना रक्कम परत फंडात येते, म्हणून तो एकदा उभा राहिला की टिकतो. आणि ज्यांची दाद तहसील कार्यालयात लागत नाही त्यांची लेखी तक्रार पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे धाडावी. तक्रारीवर केवळ अर्जदाराचा नव्हे, समितीचाही शिक्का असावा, आणि पोच घेतल्याशिवाय कोणी परत येऊ नये.