पिकअप मिळत नाही!

बोरघाटाच्या वळणावर भरलेला ट्रक मंदावतो, ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबतो आणि गाडी क्षणभर ढिम्म! मागे दुसरा ट्रक येतच असतो. पुस्तकात याला ‘टर्बो लॅग’ म्हणतात. मला ड्रायव्हरचे ‘पिकअप मिळत नाही’ अधिक पटते.

टर्बोची कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची, १९०५ सालची. बाहेर पडणाऱ्या धुराने चाक फिरवायचे व त्याच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबायची. पण धुराला जोर नाही तोवर हवा नाही, आणि हवा नाही तोवर धुराला जोर नाही! चाक लहान, हलके केले की ते चटकन वेग घेते. मात्र भरधाव इंजिनाला तेच गुदमरवते. म्हणून हल्ली त्याभोवती कोन बदलणारी पाती बसवतात.

खर्चात पडण्याआधी हवेची नळी कुठे फुटली नाही ना, हे पाहावे. आणि चढ लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा, म्हणजे चाक आधीपासूनच फिरते राहते.